कार्डावर वजन आहे, आठवडे कुठे आहेत?

पाचवीच्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, हे धम्म स्वीकारल्यावर आपण सोडून दिलं. तरी सव-दासगावपासून पोलादपूरच्या डोंगरवाड्यांपर्यंत आपल्याच घरांत ऐकू येतं, "बारीक आहे पोर, नशिबात असेल तर जगेल." नशिबाचं काय घेऊन बसलात? बाळाला धोका किती, हे पहिल्याच दिवशी कार्डावर लिहिता येतं. ते लिहून घेणं हा आपला हक्क आहे.

त्यासाठी दोन आकडे लागतात, वजन आणि आठवडे. २५०० ग्रॅमच्या खाली कमी वजनाचं, १५०० च्या खाली अतिकमी. ३७ आठवडे भरण्याआधी झालं ते अपुऱ्या दिवसांचं. या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन किलोची दोन बाळं घ्या. ३४ आठवड्यांच्या बाळाला श्वासाचा आणि दूध ओढण्याचा त्रास होतो. ३९ आठवड्यांचं बाळ दिवस भरलेलं, पण पोटात पोसलेलंच नाही. त्याची साखर उतरते. त्याची आई बहुधा आठव्या महिन्यातही वीटभट्टीवर असते. गरोदर बाईच्या विश्रांतीची बाजू बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात मांडली होती.

सगळ्यात फसवं बाळ ३५-३६ आठवड्यांचं. वजन सव्वादोन-अडीच किलो, रडतं चांगलं, म्हणून घरी पाठवतात. मग ते सुस्त पडतं, अंगावर ओढत नाही, कावीळ चढते. घरचे म्हणतात, "किती शांत बाळ आहे!" मला या शांतपणाची भीती वाटते.

आपल्या कार्डांवर वजन असतं, आठवड्यांचा रकाना पुष्कळदा कोरा. सून मुंबईहून माहेरी येते, सोनोग्राफीचे कागद तिकडेच राहतात, आणि पाळीची तारीख आठवत नाही म्हणून बोल तिलाच! पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आठवडे सर्वांत नेमके सांगते. तो कागद पिशवीत आधी घाला.

हे मोठ्या डॉक्टरांचंच काम आहे असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना वजन, दिवस आणि दूध पिणं पाहून धोक्याचं बाळ ओळखायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते जगापुढे आलं. आशाताई आज ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, ती त्याच कामाची वाट. त्यांना दारातून परत पाठवू नका, बाळ काट्यावर ठेवायला सांगा.

१८०० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ विशेष नवजात कक्षात न्यायचं. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात तो आहे. महाडहून अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आजारी बाळाची गाडी, औषध, तपासण्या फुकट आहेत. १०२ किंवा १०८ लावा, खाजगी जीप शोधत बसू नका. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीवर, टोपी घालून, वरून चादर. आणि दोन किलो होईपर्यंत अंघोळ नको, सवच्या कुंडातल्या गरम पाण्याचीसुद्धा नको.