नाचणारीला गुडघे असतात!

'देहभान हरपून नाचली' याहून मोठी स्तुती आमच्या मराठीला ठाऊक नाही. आषाढीच्या वाटेवर इंदापूर तालुक्यात बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण होते, तिथे वारकऱ्याने देहभान खुशाल विसरावे. तो विठ्ठलाकडे निघालेला असतो, परीक्षेला नव्हे. पण बारामतीच्या नृत्यवर्गात फरशीवर अनवाणी तत्कार करणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीने ते कशासाठी विसरायचे?

भरतनाट्यमची अर्धमंडली घ्या. 'गुडघे बाहेर!' एवढीच आज्ञा. मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीत फिरते म्हणून पाय बाहेर वळतो. गुडघा ही मुख्यतः बिजागरी. खुबा वळेना की मुलगी पावले ओढून कोन जुळवते आणि पीळ गुडघ्याला बसतो. खोबण प्रत्येकीची निराळी. साऱ्या वर्गाला एकच कोन लावणे म्हणजे सगळ्यांना एकाच मापाच्या चोळ्या शिवणे!

"हाडे मोजून का भाव येतो?" असे गुरुजन विचारतात. मग नाट्यशास्त्राने अंगे-उपांगे मोजली, १०८ करणे सांगितली, ती काय वैद्यकीच्या परीक्षेसाठी? तालमीतला वस्तादसुद्धा पोराचा गुडघा चाचपून पाहतो.

मात्र भिंतीवर सांगाड्याचे चित्र टांगून भागणार नाही. (टांगणारेही निघतील, फी वाढवून.) खुबा फिरतो हे पाठ असणे वेगळे, तो फिरताना आतून कळणे वेगळे. मोशे फेल्डेनक्राइस हा पदार्थविज्ञानाचा पंडित आणि ज्यूदोपटू. स्वतःचा गुडघा दुखावला तेव्हा बारीक हालचाली सावकाश, लक्ष देऊन करता करता त्याने शिक्षणाची एक पद्धतच उभी केली. आमच्याकडे 'डोळे मीट, भार टाचेवर आहे की चवड्यावर, सांग' एवढे विचारायलाही सवड नाही. कार्यक्रम तोंडावर आलेला असतो!

विठाबाई नारायणगावकर ऐन तमाशात बाळंत होऊन पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही कथा आम्ही अभिमानाने सांगतो. बाईंचे धैर्य अलौकिकच. पण पुढे प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवला, असेही सांगतात. तेवढे मात्र आम्ही गाळतो.

बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. शरीररचना शिकवणारी माणसे गावातच आहेत. नृत्यवर्गांनी त्यांना वर्षातले चार रविवार तरी मागावेत. आणि फराळाला बसलेल्या आईबापांनो, पुढची फी भरताना 'स्टेजवर कधी उभी करणार?' याच्या आधी विचारा, की वर्गाची जमीन सिमेंटची आहे की लाकडाची?