उशाशी बसलेली माणसे

कुरुंद्याचे नाव मराठी वाचकाच्या कानी पडले असेल, तर ते बहुधा नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. एरव्ही हे वसमत तालुक्यातले हळदीचे आणि उसाचे गाव. आमची एक आतेबहीण याच गावी दिलेली. गेल्या फाल्गुनात तिच्या सोळा वर्षांच्या मुलाला शहरातल्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात दाखल करावे लागले. मुलगा चांगला अभ्यासू. पण महिनाभर त्याची झोप उडाली, भिंतीपलीकडून कोणी आपल्याविषयी बोलते असे तो म्हणू लागला, आणि एका रात्री तो विहिरीच्या काठाशी सापडला.

बातमी मला त्याच दिवशी कळली. दवाखाना माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. तरी मी तिथे गेलो तो अकराव्या दिवशी! उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत, असे मी घरात सांगत होतो. खरे कारण निराळे होते. तिथे जाऊन बोलावयाचे काय, तेच मला कळत नव्हते. जन्मभर मराठी शिकविणाऱ्या माणसाला चार शब्द सापडू नयेत, याची लाज वाटते; पण झाले ते असे.

बहीण बाकावर बसली होती. तक्रारीचा एक शब्दही न बोलता तिने मला शेजारी जागा करून दिली. थोड्या वेळाने म्हणाली, "दादा, माझं काय चुकलं रे? लहानपणी एकदा रागाच्या भरात मी त्याला खोलीत कोंडलं होतं. त्यानं झालं असंल का?"

मी "होईल सगळं नीट" असे काहीतरी पुटपुटलो. उत्तर दिले ते शेजारच्या खाटेजवळच्या एका बाईंनी. त्यांची मुलगी दुसऱ्यांदा दाखल झाली होती. त्या म्हणाल्या, "मीही पहिल्या खेपेला हेच विचारीत होते, ताई. डॉक्टरांनी सांगितलं, असा एका गोष्टीनं हा आजार होत नाही. आधी दोन घास खाऊन घ्या." आणि त्यांनी आपला डबा पुढे केला. अकरा दिवसांत बहीण पहिल्यांदा पोटभर जेवली ती त्या दिवशी.

आईला दोष देण्याची ही खोड एकट्या खेड्यापाड्यांची नव्हे, बरे का! १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन या अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन विदुषीने स्किझोफ्रेनियाचे मूळ आईच्या वागण्यात असल्याची कल्पना मांडली, आणि पुढे कित्येक वर्षे शिकलेले डॉक्टरही आयांकडे संशयाने पाहत राहिले. ती कल्पना संशोधनात टिकली नाही. आनुवंशिकता, मेंदूची घडण, परिस्थितीचे आघात अशी अनेक कारणे एकत्र येऊन हे आजार होतात. पण शास्त्राने टाकून दिलेला आरोप आईच्या मनातून इतक्या सहजी जात नाही.

त्या काळात आपल्याकडे मात्र एका डॉक्टराने उलटी वाट धरली होती. पंजाबात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना बोलावून घेतले आणि आवारातच तंबू ठोकून राहावयास लावले. आजार म्हणजे काय, औषध का द्यावयाचे, माणसाशी कसे वागावयाचे, हे नातेवाईक तिथे शिकले. आणि शेजारच्या तंबूतले माणूस बरे होऊन घरी जाताना पाहून त्यांना धीरही आला. वेल्लोर आणि बंगळूर येथे कुटुंबाला सामावून घेणारी जी पद्धत पुढे रुजली, तिची सुरुवात या तंबूंतून झाली. त्या बाईंच्या डब्यात मला त्या तंबूंचीच पुण्याई दिसली.

पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या सोबतीला कायद्याचे रूप दिले. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करावयाचे, तर दोन जाणकारांनी त्याला वेगवेगळे तपासावे लागते. त्याची राहण्याची सोय प्रौढांपासून निराळी असावी लागते. आणि पालकाने, किंवा त्याने नेमलेल्या माणसाने, मुक्कामभर त्याच्याजवळ राहावे लागते. नियम मुलाच्या हिताचा आहे, यात शंका नाही. पण त्या मुक्कामात घरी गाईची धार कोण काढणार? धाकटीला शाळेत कोण पोहोचविणार? कायदा माणसाला उशाशी बसवितो. त्याच्यामागचे घर चालविणे हे आपले, म्हणजे नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे काम.

२०२२ च्या जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले, तेव्हा बहिणीच्या घरी भाकरीची टोपली न बोलावता आली होती. या खेपेला मात्र कोणी फिरकले नाही. लोक दुष्ट होते असे नव्हे. माझ्यासारखेच तेही शब्द शोधीत असावेत. एक शेजारी तेवढा वेगळा निघाला. शिजविलेली हळद अंगणात वाळत पडली होती, वर्षाची कमाई ती. या गृहस्थाने पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ती हलविली, अवकाळी पावसाचे लक्षण दिसताच झाकली. मुलाला काय झाले, हे त्याने विचारले नाही. "तिकडं बघा, इकडची काळजी करू नका," एवढाच त्याचा निरोप.

शब्दांची गरज नसते असे मात्र नाही. ज्याने हे सोसले आहे, त्याचे शब्द उपयोगी पडतात. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हा आजार स्वतःच्या घरात पाहिला आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून एकमेकांशी बोलतात. २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने निघाला. अमेरिकेत १९७९ साली सुरू झालेल्या अशाच एका मोठ्या संघटनेच्या मुळाशी मुलांच्या आजाराने पोळलेल्या दोन आया होत्या. आणि ज्याला जवळपास कोणीच नाही, त्याला 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून आहे. त्यावर आईबापांनीही बोलावे.

आपण काय करावे? डबा न्यावा. दोन तास उशाशी बसून आईला आंघोळीला, झोपायला पाठवावे. बापाला दवाखान्याच्या बिलाविषयी सरळ विचारावे. "कुणाची नजर लागली" हे शब्द गिळून टाकावेत. बरे वाटताच औषध बंद करण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. आणि पोर घरी परतल्यावर जाणे थांबवू नये, कारण खरी एकटी पडण्याची वेळ तेव्हाच येते.

भाचा आता घरी आहे. गोळ्या चालू आहेत. काही दिवस चांगले जातात, काही जात नाहीत. बहिणीचा 'माझं काय चुकलं' हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. या भाऊबिजेला मी कुरुंद्याला जाणार आहे. ओवाळणी नेईनच, पण चार दिवस राहण्याच्या तयारीने जाणार आहे. अकरा दिवसांचे देणे माझ्याकडे बाकी आहे.