स्वमग्न लेकराला दया नको, हक्क हवा

वडगाव मावळ हे तालुक्याचे गाव. याच तालुक्यात कार्ले, भाजे, बेडसे ही बौद्ध लेणी आहेत. याच तालुक्यातील तळेगावात बाबासाहेबांचे घर होते. जवळच देहूरोडला त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. अशा या भूमीत एखादे लेकरू अडीच-तीन वर्षांचे होऊनही हाकेला ओ देत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, काड्यापेट्या ओळीने मांडत तासन् तास बसते आणि कुकरची शिट्टी वाजली की कानावर हात ठेवून किंचाळते, तेव्हा आमच्या वस्तीत पहिला प्रश्न काय विचारला जातो? कोणाची नजर लागली? दुसरा प्रश्न, आईने गरोदरपणी काय केले? आणि तिसरा, कोणत्या जन्माचे हे पाप? प्रश्नच चुकीचे असतील तर उत्तरे बरोबर कोठून येणार?

या अवस्थेला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम म्हणतात. मेंदूची जडणघडण जन्मापासूनच वेगळी असण्याची ही अवस्था आहे. तो वेडेपणा नव्हे, संसर्ग नव्हे आणि लाड केल्याचा परिणामही नव्हे. जगात साधारण दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालासाठीचा अंदाज आहे. तरीही आमच्यातले शिकलेसवरले लोकसुद्धा याला बंगल्यातल्या मुलांचा आजार म्हणतात. हा समज साफ खोटा आहे. स्वमग्नता जात विचारत नाही. निदान मात्र पैसा विचारते. बंगल्यातल्या मुलाला डॉक्टर भेटतो. झोपडीतल्या मुलाला ‘मंद’, ‘वेडा’, ‘हट्टी’ अशी नावे मिळतात आणि शाळेतला मागचा बाक मिळतो. मुलीच्या बाबतीत तर ती लाजाळू आहे, एवढ्यावरच विषय संपतो.

आईला दोष देण्याची रीत केवळ आमचीच नाही. अमेरिकेतील मोठमोठ्या पंडितांनीही एके काळी आईच्या थंड वागण्याने मूल असे होते, असा सिद्धांत मांडला होता. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात तो खोडून काढला. लसीमुळे स्वमग्नता येते, अशी आवई उठवणारा १९९८ चा लेखही ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. म्हणून लस चुकवू नका. लस चुकवली तर स्वमग्नता टळत नाही, गोवर मात्र गाठतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हे बरे होते का? आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. स्वमग्नता आयुष्यभर सोबत असते. मोठेपणी ती आपोआप जात नाही, लग्न लावून दिल्याने तर मुळीच जात नाही. तसे केले तर दुसऱ्या घरच्या लेकराचीही फसवणूक होते. मूळपेशींच्या महागड्या उपचारांसाठी घर गहाण टाकणाऱ्यांनी हेही ऐकावे की, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे सांगितले आहे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पण आयुष्यभर राहणारी अवस्था म्हणजे आयुष्य संपले असे नव्हे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था जगापुढे मांडली. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो शिकला, बँकेत नोकरी केली, देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. अखेरपर्यंत तो स्वमग्नच होता. मात्र एक गोष्ट विसरू नका. ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती आणि गावाने त्याला आपला मानले होते. आमच्या लेकराच्या आजोळी बँक नाही. म्हणूनच त्याला कायदा हवा.

तो कायदा आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात स्वमग्न व्यक्ती ज्या गटात येतात, त्या गटाला एक टक्का वाटा आहे. ‘आमच्या माघारी याचे कोण?’ या आईच्या काळजीवर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे. शाळांमध्ये विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. कागदावर सारे आहे. पण रोजंदारी बुडवून, किंचाळणाऱ्या लेकराला गर्दीच्या लोकलमध्ये कवटाळून पुण्याच्या खेपा घालणाऱ्या आईपर्यंत हा कागद पोहोचतो का?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धांतावर नेमके बोट ठेवले आहे. गरिबाचे दुःख त्याच्याच मागल्या जन्माच्या माथी मारले की, राज्य आणि समाज जबाबदारीतून मोकळे होतात. स्वमग्न लेकराच्या बाबतीत रोज हेच घडते. नशिबाला दोष दिला की तहसील कचेरीला जाब विचारावा लागत नाही.

आमची मागणी स्पष्ट आहे. तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी व्हावी. अंगणवाडीताईंना लक्षणे ओळखण्याचे शिक्षण मिळावे, कारण जितक्या लवकर मदत मिळेल तितके मूल पुढे जाते. न बोलणारे मूल समजत नाही असे नसते. चित्रे दाखवून, खुणांनी तेही आपले म्हणणे सांगू शकते. ते शिकवणारा शिक्षक प्रत्येक केंद्रात हवा.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. विहारात वंदनेच्या वेळी ओरडणाऱ्या लेकराच्या आईकडे आपण वळून पाहतो, ती पुढच्या पौर्णिमेला येत नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला डीजे स्वमग्न लेकराला मरणप्राय वेदना देतो. बाबासाहेबांच्या जयंतीला बाबासाहेबांच्याच लेकराला घरात कोंडून ठेवावे लागत असेल, तर ती जयंती कोणाची? आवाज कमी करा, त्या आईला पुढच्या रांगेत जागा द्या आणि प्रमाणपत्राच्या खेपेला तिच्यासोबत एक कार्यकर्ता पाठवा. मैत्री आणि करुणा या शब्दांचा अर्थ याहून वेगळा नाही.

जय भीम!