तारे गाडीला, परीक्षा पालकांची

नव्या मोटारीच्या जाहिरातीत मायलेजच्या शेजारी आता ताऱ्यांची रांग दिसते. ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेला स्वतंत्र तारे मिळतात. त्यासाठीच्या ४९ गुणांपैकी २४ प्रत्यक्ष धडकेचे, १३ गाडीतील सोयींचे आणि उरलेले १२ गुण चाइल्ड सीट गाडीत नीट बसते का, याचे असतात. या १२ गुणांची जाहिरात कोणी करत नाही. गाडी घरी आली, की याच विषयाची परीक्षा पालकांना द्यावी लागते.

ती बहुधा अडते मागच्या आसनाच्या हेडरेस्टपाशी. मागून धडक बसल्यावर मोठ्या माणसाचे डोके मागे फेकले जाऊन मान दुखावू नये, यासाठी हेडरेस्ट असते आणि म्हणूनच ते किंचित पुढे आलेले असते. पुढे तोंड करून बसवायच्या उंच पाठीच्या चाइल्ड सीटला नेमके तेच आड येते. सीटची पाठ वर हेडरेस्टला टेकते आणि खाली फट राहते. मग पट्टा कितीही आवळला तरी सीट डुलते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड, मान कोवळी. अचानक ब्रेक लागला, तर सैल सीटसकट डोके आणखी पुढे जाते आणि समोरच्या आसनावर आदळण्याचा धोका वाढतो.

यावर उपाय सोपा आहे. हेडरेस्ट पूर्ण वर करायचे, तरीही अडले तर काढायचे. अर्थात, सीटच्या आणि गाडीच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे ना, हे आधी पाहावे. काही उत्पादक ते जागेवरच ठेवायला सांगतात. काढलेले हेडरेस्ट मागच्या काचेपाशी टाकू नये. धडकेत ते दगडासारखे भिरकावले जाते. डिकीत, सामानाखाली दाबून ठेवावे. सीटला वरचा पट्टा असेल, तर तो सहसा हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधून मागच्या हुकापर्यंत न्यायचा असतो. हेडरेस्टच्या डोक्यावरून नेलेला पट्टा बाजूला घसरून सैल पडू शकतो.

तान्ह्या बाळाच्या, मागे तोंड असलेल्या सीटला हा अडथळा सहसा येत नाही. घोळ होतो तो मूल मोठे झाल्यावर. पाठ नसलेल्या बूस्टरवर बसणाऱ्या मुलाच्या डोक्यामागे गाडीचे हेडरेस्ट हवेच, निदान कानांच्या उंचीपर्यंत. पण तीन वर्षांपूर्वी काढलेले हेडरेस्ट तोवर माळ्यावर गेलेले असते. एखाद्या रविवारी त्याच जागेवर आजी बसतात, तेव्हाही कोणाला त्याची आठवण होत नाही.

कायदा इतक्या खोलात जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल, तर हजार रुपये दंड आहे. सीट कशी बसवली आहे, हे रस्त्यावरच्या पोलिसाला खिडकीतून कळणार नाही.

अनेक छोट्या गाड्यांत मागचे हेडरेस्ट आसनाच्या पाठीतच घडवलेले असते. ते ना वर होते, ना निघते. अशा गाडीसाठी ऑनलाइन सवलत पाहून सीट मागवणे म्हणजे नशिबावर हवाला. दुकानासमोर गाडी उभी करून सीट लावून पाहावी, पट्टा जातो तिथे धरून हलवावी. एका इंचापेक्षा जास्त हलली, तर दुसरी मागावी.