कठीण शब्द कोणता?

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांमध्यें एक समजूत फार दृढ झालेली आढळते. ती अशी कीं, निबंधांत अपरिचित व लांबलचक शब्द जितके अधिक, तितका निबंध चांगला. परीक्षा जवळ आली म्हणजे अशा शब्दांच्या याद्या हातोहात फिरूं लागतात. प्रत्येक शब्दापुढें एकेक मराठी प्रतिशब्द लिहिलेला असतो, आणि पाढे पाठ करावे तशी ती यादी पाठ केली जाते. पालकांसही या गोष्टीचें कौतुक वाटतें. पाहुण्यांसमोर मुलानें एखादा भारदस्त इंग्रजी शब्द उच्चारला कीं वडिलांची मान ताठ होते. हें कौतुक स्वाभाविक आहे. परंतु तें योग्य ठिकाणीं आहे काय, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं घडलेला एक प्रसंग सांगतों. आठवीच्या वर्गांतील एका मुलानें आपल्या आजोबांवर इंग्रजींत निबंध लिहिला. आजोबा गांवांतील वजनदार गृहस्थ. अडल्यानडल्याच्या उपयोगीं पडणारे. त्यांचा लौकिक पंचक्रोशींत पसरलेला. ही गोष्ट सांगतांना त्या मुलानें लिहिलें कीं, माझे आजोबा सर्व गांवांत ‘नोटोरियस’ आहेत. त्याच्या यादींत त्या शब्दापुढें ‘प्रसिद्ध’ एवढाच अर्थ होता. आजोबा प्रसिद्ध होते हें खरेंच. पण ‘नोटोरियस’ म्हणजे दुष्कृत्यांमुळें प्रसिद्ध, कुप्रसिद्ध! निबंध वर्गांत मोठ्यानें वाचला गेला आणि एकच हंशा पिकला. त्या दिवसापासून कित्येक महिने तो मुलगा इंग्रजींत तोंड उघडीना. मुलगा आळशी नव्हता. त्यानें यादी मन लावून पाठ केली होती. ‘फेमस’ हा साधा शब्दही त्यास ठाऊक होता. परंतु साधा शब्द लिहिल्यास गुण कमी पडतील, असें आम्हीं शिक्षकांनींच त्याच्या मनावर बिंबविलें होतें. तो निबंध वर्गांत वाचणारा शिक्षक मीच होतों. म्हणून दोष कोणाकडे होता हें मला चांगलें ठाऊक आहे.

मोठ्या शब्दांचा हा हव्यास आमच्याच वांट्यास आला आहे, असें मात्र नव्हे. सोळाव्या शतकांत खुद्द इंग्लंडांत त्याची सांथ आली होती. लॅटिन व ग्रीक शिकलेले पंडित त्या भाषांतील शब्द ओंजळी भरभरून इंग्रजींत आणूं लागले. त्या काळीं शाई शिंगाच्या दौतींत ठेवीत; म्हणून अशा शब्दांस लोक थट्टेनें ‘दौतीचे शब्द’ म्हणत. टॉमस विल्सन या ग्रंथकारानें १५५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या वक्तृत्वविषयक पुस्तकांत त्यांची चांगलीच टर उडविली. केंब्रिज येथील ग्रीकचे अध्यापक सर जॉन चीक यांनीं तर दुसरें टोंक गांठलें. मत्तयकृत शुभवर्तमानाचें भाषांतर करतांना त्यांनीं परके शब्द शक्य तितके टाळले. शंभर शिपायांच्या नायकास ‘सेंच्युरियन’ न म्हणतां ‘हंड्रेडर’ म्हटलें, व ‘क्रुसिफाइड’ याच्या ठिकाणीं ‘क्रॉस्ड’ असा शब्द घातला. काळानें कोणाचेंच सर्वस्वी ऐकिलें नाहीं. चीक यांचा ‘हंड्रेडर’ गेला व ‘सेंच्युरियन’ राहिला. उलटपक्षीं पंडितांचेही पुष्कळ शब्द दौतींतच वाळून गेले.

पुढें १६०४ सालीं रॉबर्ट कॉड्रे या शिक्षकाचा सुमारें २,५०० शब्दांचा एक लहानसा कोश छापला गेला. इंग्रजी शब्दांचा इंग्रजींतच अर्थ सांगणारा तो पहिला कोश समजतात. त्यांत नित्याचे सोपे शब्द नव्हते. कठीण शब्द व त्यांचे सोप्या भाषेंतील अर्थ, एवढेंच होतें. म्हणजे इंग्रज माणसासही आपल्याच भाषेंतील शब्दांसाठीं अर्थाचें पुस्तक जवळ बाळगावें लागलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं यापासून धीर घ्यावा. १७७५ सालीं शेरिडन या नाटककारानें ‘द रायव्हल्स’ या नाटकांत मिसेस मॅलाप्रॉप नांवाची एक बाई रंगभूमीवर आणिली. भारदस्त शब्दांची तिला दांडगी हौस, पण नेमका शब्द कांहीं तोंडांत यावयाचा नाहीं. मगरीचा ‘ॲलिगेटर’ म्हणावयाचा, तेथें ती ‘ॲलेगरी’, म्हणजे रूपककथा, म्हणते. प्रेक्षक अडीचशें वर्षें तिला हंसत आले आहेत, आणि अशा चुकीस इंग्रजींत तिच्याच नांवावरून नांव पडलें आहे. लक्षांत ठेवा, ती बाई इंग्रजच होती!

तर मग कठीण शब्द कोणता? माझें मत असें आहे कीं, जो अनोळखी दिसतो तो खरा कठीण शब्द नव्हे. अनोळखी शब्द निदान प्रामाणिक असतो. आपणांस तो कळला नाहीं हें आपणांस तत्काळ समजतें, व आपण कोश उघडतों. जो ओळखीचा चेहरा घेऊन येतो आणि निराळाच अर्थ सांगून जातो, तो खरा कठीण शब्द. तेथें कोश उघडण्याची आपणांस बुद्धीच होत नाहीं.

याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. १६११ सालीं प्रसिद्ध झालेलें बायबलाचें इंग्रजी भाषांतर मिशनच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचलें गेलें आहे. त्यांतील शब्द बहुतेक लहान व सोपे. तरी फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय पाहा. तेथें पौल प्रेषित सांगतात कीं, कशाविषयींही ‘केअरफुल’ असूं नका. आजच्या अर्थानें वाचल्यास प्रेषितांनीं निष्काळजीपणाचा उपदेश केला असें होईल, आणि गृहपाठ न करणाऱ्या मंडळींस तो फारच मानवेल! परंतु तेथें ‘केअर’ म्हणजे चिंता. चिंतेनें व्याकूळ होऊं नका, असा त्या वचनाचा भाव आहे. आपल्या ‘काळजी’ या शब्दाची गोष्ट तीच नव्हे काय? प्रवासास निघालेल्या मुलास आई एका श्वासांत सांगते, “काळजी करूं नकोस, आणि काळजी घे.” शब्द एक, पण एक काळजी टाकावयाची, व दुसरी बाळगावयाची.

मार्काच्या शुभवर्तमानांत लेंकरांविषयीं बोलतांना प्रभूंच्या मुखीं ‘सफर’ हा शब्द घातला आहे. सोसणें एवढाच अर्थ जाणणारा मुलगा तेथें गोंधळून जातो. तेथें अर्थ आहे ‘येऊं द्या’. ‘प्रिव्हेंट’ याचा आज अर्थ प्रतिबंध करणें; परंतु थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत त्याचा अर्थ आधीं जाणें असा आहे, व लॅटिन मूळ पाहतां तोच त्याचा जुना अर्थ. ‘लेट’ याची कथा याहून चमत्कारिक. आज त्याचा अर्थ करूं देणें. परंतु रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायांत त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे अडविणें, असा आहे. प्राचीन इंग्रजींत हे दोन निरनिराळे शब्द होते; कालांतरानें त्यांचे उच्चार एक झाले. तो दुसरा ‘लेट’ अद्याप अगदींच मेलेला नाहीं. आपल्या भारतीय पारपत्राच्या आरंभीं धारकास विनाअडथळा जाऊं देण्याची जी विनंती छापलेली असते, तींत तो आजही पाहावयास मिळतो. लेवीय पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत ज्यास ‘मीट’चें अर्पण म्हटलें आहे, त्यांत मांसाचा तुकडाही नाहीं, सपीठ, तेल व ऊद असे पदार्थ आहेत, कारण त्या काळीं ‘मीट’ म्हणजे कोणतेंही अन्न. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत देवाच्या वचनास ‘क्विक’ म्हटलें आहे, तें जलद म्हणून नव्हे, जिवंत म्हणून. पाऱ्यास इंग्रजींत ‘क्विकसिल्व्हर’, म्हणजे जिवंत चांदी, म्हणतात, त्यांतही हाच जुना अर्थ आहे.

ही केवळ इंग्रजीचीच खोड आहे असें कोणी समजूं नये. ‘शिक्षा’ म्हणजे संस्कृतांत शिकविणें, हिंदी बोलणाऱ्या आपल्या बंधूंसही तोच अर्थ समजतो. मराठी मुलास मात्र तीच ‘शिक्षा’ छडीची आठवण करून देते. ‘चेष्टा’ म्हणजे मूळांत हालचाल किंवा प्रयत्न. आम्हीं तिची थट्टा केली. ‘साहस’ हा जुन्या धर्मशास्त्रांत बळजबरीचा अपराध होता. आज तो शूराचा गुण आहे. ‘राजीनामा’ म्हणजे मूळ फारशी अर्थानें संमतीचा कागद. आमच्याकडे नोकरी सोडतांना तो देतात. शब्दांचे अर्थ माणसांच्या सहवासानें बदलत जातात. म्हणून शब्द कोणाच्या तोंडीं, कोणत्या काळीं व कोणत्या ठिकाणीं आला, हें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ कळला असें म्हणतां येत नाहीं.

अर्थ न कळल्यानें नुसता हंशाच पिकतो असें नाहीं. प्रसंगीं जीवावरही बेतूं शकतें. पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ असा शब्द रंगविलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. आरंभींचें ‘इन्’ पाहून नकाराची आठवण होते, व ‘न पेटणारें’ असा अर्थ करण्याचा मोह पडतो. वास्तविक त्याचा अर्थ ‘चटकन पेट घेणारें’ असा आहे. येथील ‘इन्’ नकाराचें नव्हेच. ही गफलत इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांकडूनही होऊं शकते. म्हणून विसाव्या शतकांत अमेरिकेंतील अग्निसुरक्षेचें काम पाहणाऱ्या मंडळींनीं ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरिला. ज्या शब्दानें धोक्याची सूचना द्यावयाची, तोच घोटाळा करूं लागला तर त्याचा उपयोग काय?

यावर कोणी विचारील, “मग नवे शब्द शिकूंच नयेत काय?” माझें म्हणणें तसें मुळींच नाहीं. कांहीं शब्द दुर्मिळ असले तरी त्यांची जागा दुसरा घेऊं शकत नाहीं. होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकानें १७५४ सालीं एका पत्रांत ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द बनविला. सेरेंडिप हें श्रीलंकेचें जुनें नांव. तेथील तीन राजपुत्रांच्या कथेवरून तो त्यास सुचला. शोधावयास जावें एक, आणि दैवयोगानें व स्वतःच्या चतुराईनें हातीं लागावें दुसरेंच कांहीं मोलाचें, असा त्याचा अर्थ. १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशींत चुकून बुरशी वाढली, त्यांनीं ती फेंकून न देतां निरखिली, व पेनिसिलिनचा शोध लागला. अशा गोष्टीस हा शब्द शोभतो. जेथें एका शब्दानें वाक्याचें काम होतें, तेथें तो खुशाल वापरावा. पण ज्या शब्दांत केवळ डौल आहे, तो दाराबाहेरच ठेवावा.

शब्द आपलासा कसा करावा, याविषयीं दोन गोष्टी सुचवितों. पहिली ही कीं, शब्दाचें कूळ व सोबत पाहावी. कित्येक जण ‘मॉंगूस’ याचें अनेकवचन ‘मॉंगीस’ करितात, कारण ‘गूस’ या पक्ष्याचें ‘गीस’ होतें. परंतु तो शब्द आपल्या मुंगसावरून इंग्रजींत गेला आहे. त्याचा त्या पक्ष्याशीं कांहींएक संबंध नाहीं, व त्याचें अनेकवचन ‘मॉंगूसेस’ असेंच होतें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं सुधारून वाढविला गेला. शब्दापुढें एक अर्थ लिहून ते थांबले नाहींत. तो कोणत्या वाक्प्रचारांत येतो, हेंही त्यांनीं जागोजाग दाखविलें. परभाषा शिकावयास आलेल्या माणसानें आमच्या शब्दांसाठीं एवढे कष्ट घेतले. त्याच्या भाषेच्या शब्दांसाठीं आम्हीं निदान दोन वाक्यें तरी वाचावींत. आज मोबाइलवर अर्थ क्षणांत दिसतो. पण दिसणारा पहिलाच प्रतिशब्द उचलला तर जुन्या यादींत व नव्या यंत्रांत फरक तो काय राहिला?

दुसरी गोष्ट, सांगावयाचें तें आधीं आपल्या भाषेंत स्पष्ट करावें. वर सांगितलेल्या मुलास पुढें एके दिवशीं मीं जवळ बसवून विचारिलें, “आजोबा प्रसिद्ध आहेत म्हणजे लोक करतात तरी काय?” तो चटकन म्हणाला, “सर, गांवांत भांडण झालें म्हणजे लोक पोलिसांकडे जाण्यापूर्वीं आमच्या आजोबांकडे येतात.” मीं म्हटलें, “हेंच इंग्रजींत लिही.” त्यानें लिहिलें. त्या वाक्यांत एकही मोठा शब्द नव्हता, कोशही उघडावा लागला नाहीं. आणि आजोबा डोळ्यांपुढें उभे राहिले. त्या वर्षींच्या सर्व निबंधांत तेंच वाक्य मला उत्तम वाटलें.

पालकांस माझी एवढीच विनंती आहे कीं, मुलानें नवा इंग्रजी शब्द उच्चारला म्हणजे केवळ कौतुक करून थांबूं नये. “याचा अर्थ मला आपल्या भाषेंत समजावून सांग,” असें म्हणावें. इंग्रजी न शिकलेल्या आईसही हा प्रश्न विचारतां येतो. आईस पटेल असा अर्थ मुलाला सांगतां आला, तर तो शब्द त्याचा झाला. न आला, तर तो अद्याप यादीचाच आहे.

विद्यार्थिमित्रहो, पौल प्रेषितांनीं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत अनोळखी भाषेंतील दहा हजार शब्दांपेक्षां समजून बोललेले पांच शब्द अधिक मोलाचे मानिले आहेत. प्रेषितांनीं हें मंडळीच्या उपासनेविषयीं लिहिलें. परंतु निबंधाच्या वहीसही तें तितकेंच लागू आहे. आपले पांच शब्द आधीं खरे करा; बाकीचे मागून येतील.

— एक शिक्षक