सवडीचा खर्च कोणाच्या खाती?

अलीकडे आमच्या तरुण मंडळींस उपदेश करणाऱ्यांचा एक नवा वर्ग निर्माण झाला आहे. पूर्वीचे उपदेशक 'नोकरी धरा' असे सांगत. हे 'उद्योजक व्हा' असे सांगतात. उपदेशाचा विषय बदलला, सुरातील अधीरपणा मात्र वाढला. ज्याच्या बोटांत चित्र आहे, जिच्या हातांत कशिदा आहे, ज्याला दगडातून मूर्ती काढता येते, त्या प्रत्येकाने आपल्या कलेचे दुकान तत्काळ मांडावे, तीन महिन्यांत नाव गाजवावे, वर्षाच्या आत दहा माणसे कामास लावावी, आणि हे ज्याला साधणार नाही त्याने आपणांस धंद्याची दृष्टीच नाही असे समजून गप्प बसावे, असा यांचा कार्यक्रम आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे कारखाने थोडे, पदव्या पुष्कळ आणि सरकारी जागांच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसलेली मुले घरोघर, तेथे या उपदेशास कान सहज सापडतात. आमच्या वर्गातून बाहेर पडलेल्या कित्येकांनी तो ऐकला, कर्ज काढले, दुकान मांडले आणि दोन वर्षांत मोडलेही. म्हणून या मताचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

परंतु त्याआधी आमच्याच बाजूचे म्हणविणाऱ्या एका मंडळीशी दोन शब्द बोलले पाहिजेत. कलावंताने घाई करू नये, साधना करावी, पैशाकडे पाहू नये, असे म्हणणारे रसिक आपल्यांत कमी नाहीत. औंढा नागनाथाच्या मंदिरापुढे उभे राहून, खालच्या दगडी थरांतील ती दाट मूर्तिकला पाहून, 'काय ही तपश्चर्या! या शिल्पकारांनी कधी दिवस मोजले असतील काय?' असे उद्गार आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत. उद्गार खरा आहे. त्यावरून काढलेले अनुमान खोटे आहे. त्या शिल्पकारांस दिवस मोजावे लागले नसतील, तर त्याचे कारण एवढेच की त्यांच्या चुलीची काळजी दुसरे कोणी तरी वाहत होते. यादवकाळातील अशी देवळे राजांच्या आणि धनिकांच्या दानावर उभी राहिली. याच मंदिराचा वरचा भाग मागाहून बांधला गेला असून त्याची घडण पुष्कळ साधी आहे, हे आजही नुसत्या डोळ्यांस दिसते. दोन्ही काळांतील कारागिरांच्या भक्तीत एवढे अंतर पडले असेल असे आम्हांस वाटत नाही. अंतर पडले असेल ते त्यांच्या पाठीशी असलेल्या कोठारात.

आमचा पक्ष थोडक्यात असा आहे. कलेच्या धंद्यास सवड लागते आणि सवडीस पैसा लागतो. हा पैसा कोणी तरी भरतच असतो. तो कोणी भरावा याचा उघड हिशेब न मांडता 'लवकर करा' म्हणणारे आणि 'सावकाश करा' म्हणणारे, दोघेही कारागिराच्या घरच्या कणगीतले धान्य आपल्या मताच्या सिद्धीसाठी खर्ची घालीत असतात.

वास्तविक आमच्या जिल्ह्यास हा हिशेब शिकविण्याची गरज नसावी. वसमतची हळद, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती मृगाच्या आगेमागे जमिनीत जाते आणि संक्रांत उलटल्यावर बाहेर निघते. मग ती शिजवावयाची, वाळवावयाची, घोळून तिला झळाळी आणावयाची; तेव्हा कोठे ती अडतीवर जाते. एवढे होईपर्यंत वर्ष सरत येते. हळदीच्या शेतकऱ्यास 'तीन महिन्यांत पीक दाखव' म्हणून सांगणारा शहाणा अजून जन्मास यावयाचा आहे. बँकसुद्धा पीककर्जाच्या फेडीची मुदत पीक हाती येण्याच्या काळाशी जुळवून ठरविते. जमिनीच्या पोटातील कंदास वेळ लागतो हे सरकारास कळते, सावकारास कळते, सर्वांस कळते. मनुष्याच्या बोटांसही तितकाच वेळ लागतो, एवढेच काय ते कोणास कळत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना पाहा. अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांस पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पहिल्या खेपेस एक लाख रुपयांपर्यंत कर्ज, ते अठरा महिन्यांत फेडावयाचे, अशी तिची रचना आहे. व्याज पाच टक्के, म्हणजे गावच्या सावकाराच्या मानाने नाममात्र. योजना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आमची तक्रार नाही. शिंप्यास, न्हाव्यास, गवंड्यास ती उपकारकच होईल, कारण त्यांचे काम आज होते आणि दाम आज मिळतो. पण त्याच यादीत मूर्तिकारही आहे. (हातमागाचा विणकर मात्र या अठरांत नाही; त्याचे खाते निराळे.) मूर्तिकाराने एक मोठे काम हाती धरले, तर त्याचा पैसा काम संपल्यावर येणार, मधल्या काळातील हप्ता त्याने कोठून द्यावा? तो काय करतो ते उघड आहे. मोठे काम बाजूस ठेवतो आणि साच्यातून शंभर गणपती काढून विकतो. हप्ता फिटतो, कारागीर मात्र अठरा महिन्यांपूर्वी होता त्याहून खाली येतो. कर्ज बुडाले नाही म्हणून कागदोपत्री हा यशस्वी उद्योजक ठरतो, ही त्यातली गंमत.

जिचे नाव घेताच घरोघरच्या स्त्रिया मान वर करतात, त्या पैठणीचीच गोष्ट घ्या. पैठण आणि येवले येथील जुन्या पद्धतीच्या मागावर पदराची नक्षी हातानेच उठवितात. ताण्याचे धागे मोजावयाचे, आणि नक्षीतील प्रत्येक रंगासाठी निराळी लहान कांडी तेवढ्याच धाग्यांतून फिरवून शेजारच्या रंगात अडकवून परत आणावयाची. बांगडी-मोर, मुनिया, कमळ, आसावली, सर्व याच रीतीने. अशा दाट पदराचे दिवसभर खपून इंच-दोन इंच काम झाले तरी पुष्कळ झाले. साध्या पदराच्या पैठणीस महिना-दीड महिना लागतो. भरजरी पदर असेल तर सहा महिने, वर्ष, क्वचित त्याहूनही अधिक. या कष्टाची खूण अशी की, पदर उलटा केला तरी मोर मोरच राहतो. मागे लोंबते धागे दिसत नाहीत. पैठणीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विशिष्ट विणीच्या साड्या हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा तर १९८५ पासून आहे. तरीही यंत्रमागावर भराभर निघालेला माल पैठणी या नावाने उजळ माथ्याने विकला जातो, आणि तो विकत घेणारी कुटुंबे सुशिक्षित असतात.

आता या वर्षभराच्या विणकामात विणकराचे घर कशावर चालते? ज्याच्यापाशी स्वतःचे भांडवल आहे त्याचा प्रश्न नाही. इतरांस रेशीम आणि जर व्यापारी देतो, वर थोडी उचल देतो, आणि साडी उतरली की उचल वजा करून मजुरी हातावर ठेवतो. ऊसतोडीस जाणाऱ्या मजुराची उचल आणि ही उचल यांत शब्दाचाही फरक नाही. उचल घेतलेला माणूस सावकाश काम करू शकत नाही. त्याला फक्त उशीर होतो. सवड आणि उशीर यांतील हा भेद आमच्या दोन्ही बाजूंच्या उपदेशकांस कधी तरी समजून घ्यावा लागेल.

कोणी म्हणेल, हे मागावरचे झाले. ज्याला नवीन काही निर्माण करून त्याचा धंदा उभारावयाचा आहे त्याला हा न्याय कसा लागू पडावा? त्याच्यासाठी दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण आहे. १९१२ मध्ये विलायतेहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी एकदम नाटक चित्रित करावयास घेतले नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडेथोडे चित्रण करीत सुमारे महिनाभराने अंकुराच्या वाढीचा एक चिमुकला पट तयार केला. तो पाहून पैसा लावणारा माणूस मिळाला. ज्याला घाई होती असा मनुष्य वाटाण्यापुढे महिना घालविता ना. परंतु येथे रसिकांनी टाळ्या पिटण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिळालेला पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गेले. 'राजा हरिश्चंद्र' तयार होत असता सर्व मंडळींचा स्वयंपाक त्याच करीत आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही त्याच करीत. ३ मे १९१३ रोजी तो पट मुंबईत लोकांपुढे आला आणि फाळके अमर झाले. त्यांच्या सवडीचा खर्च कोणाच्या गळ्यातून उतरला हे मात्र फार थोड्यांस आठवते. पुढे १९१८ मध्ये भागीदारांसह 'हिंदुस्थान' कंपनी निघाली. आता पैशाची चणचण नव्हती. पण पैसा ज्यांचा, पंचांगही त्यांचेच. भागीदारांशी पटेना, तेव्हा फाळके सर्व सोडून काशीस जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी 'रंगभूमि' हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते परतले, पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत.

सरस्वतीबाईंचे नाव निघाले म्हणून आमच्याच जिल्ह्यातील तांड्यांकडे पाहू. कळमनुरी, सेनगाव, औंढा या तालुक्यांतील बंजारा वस्त्यांत वडीलधाऱ्या स्त्रियांच्या पेटीत आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांनी भरलेल्या फेटिया आणि कांचळ्या अजून सापडतात. हे भरतकाम विकत घ्यावयास येणारा मनुष्य टाके मोजतो, कापडाचा भाव धरतो, धाग्याचा धरतो, आरशांचाही धरतो. वेळेचा धरीत नाही. 'बायका मोकळ्या वेळात करतात,' असे त्याचे उत्तर असते. पाणी, सरपण, रोजंदारी, पोरेबाळे आणि वर्षातले काही महिने उसाच्या फडात काढणाऱ्या स्त्रीजवळ मोकळा वेळ कोठल्या कोनाड्यात असतो, हे त्याने एकदा दाखवावे. शेजारच्या कर्नाटकात संडूर येथील लंबाणी स्त्रिया एका केंद्रात एकत्र बसून हेच काम मजुरी ठरवून करतात, आणि त्या कशिद्यास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्याच समाजाच्या, त्याच हाताच्या आमच्याकडील बाया तेच टाके फुकट घालतात. मग त्यांच्या मुली सुई हाती धरीत नाहीत म्हणून आम्ही परंपरेच्या नावाने अश्रू गाळावयास मोकळे!

पूर्वपक्षाचा शेवटचा आणि सर्वांत बळकट मुद्दा राहिला. बाजार कोणासाठी थांबत नाही. आज मोबाईलवर चित्र दिसले की गिऱ्हाइकास आठ दिवसांत वस्तू दारात हवी. तुम्ही दिली नाही तर दुसरा देईल. हे खरे आहे. पण दुसरा जो देईल ते यंत्र असेल, आणि यंत्राशी वेगात स्पर्धा करणे म्हणजे ज्या एकाच मैदानात आपला पराभव ठरलेला आहे तेच निवडून घेणे. वारली चित्रकलेचे काय झाले ते सर्वांच्या समोर आहे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी जन्म घालवून जी रेघ जगापुढे आणली, ती आता चहाच्या पेल्यांवर आणि उशांच्या अभ्ऱ्यांवर वारली माणसाच्या हाताशिवायच छापून निघते. वेगाने धंदा वाढला, कबूल. तो कोणाचा वाढला?

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांस कलेवर पोट भरावयाचे आहे त्यांस आम्ही सांगतो की, शाळेतील चित्रकलेची मास्तरकी मिळाली तर ती सोडू नका. घरची दोन एकर हळद असेल तर ती लावा. आणि तीमधून निघणारा पैसा हाच आपल्या धंद्याचा पहिला भागीदार समजा. हा भागीदार हप्ता मागत नाही आणि पंचांगही लादीत नाही. अर्धा दिवस दुसऱ्या मिळकतीस दिल्याने कोणी अर्धा कलावंत होत नाही. पहिली तीन-चार वर्षे थोडे विकावे, थोड्यांनाच विकावे, आणि ज्या वस्तूस चाळीस दिवस लागले तिच्या पावतीवर चाळीस दिवस स्पष्ट लिहावे. गिऱ्हाईक दचकेल. दचकू द्या.

आणि हे गिऱ्हाईक म्हणजे बव्हंशी हे मासिक वाचणारी कुटुंबेच आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. डॉक्टरपुढे आणि वकिलापुढे मुकाट्याने पैसे मोजणारे आमचे सद्‌गृहस्थ विणकरापुढे बसले की त्यांच्या अंगात बाजारची घासाघीस संचरते. लग्नाची तारीख ठरते, मांडव ठरतो, आचारी ठरतो, आणि मग तिथीपूर्वी वीस दिवस कोणास तरी आठवते की नवरीस हातमागाची पैठणी हवी. ती वीस दिवसांत मिळते देखील. कशी मिळते याची चौकशी कोणी करीत नाही. आमची सूचना अगदी व्यवहाराची आहे. किंमत तीन हिश्शांत द्यावी: एक मागणी नोंदविताना, एक पदर विणावयास लागताच, एक साडी हाती आल्यावर. म्हणजे विणकरास उचल नको, आणि आपणांस मिळणारा माल खरा. येत्या वैशाखात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी हिंगोलीचा दसरा पाहून घरी परतताच पहिला हिस्सा मोजावा. सहा-सात महिने मिळाले तर पदर चांगला भरेल. ज्यांस एवढा धीर नाही त्यांनी यंत्रमागावरची साडी खुशाल घ्यावी, ती स्वस्त पडते आणि दुरून शोभतेही. फक्त मांडवात पाहुण्यांपैकी एखादी जाणती म्हातारी जवळ आलीच, तर पदर उलटू नये.