अंगावरून गेलेले वारे आणि न मोजलेला रक्तदाब

सोलापूर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पक्षाघाताला आजही ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगातच एक गैरसमज दडलेला आहे. वारे बाहेरून येते, अचानक येते आणि त्यापुढे माणूस हतबल असतो. वैद्यकशास्त्र सांगते ते याच्या नेमके उलट. मेंदूचा झटका क्षणात येत असला, तरी त्याची तयारी हृदयात आणि रक्तवाहिन्यांत अनेक वर्षे चाललेली असते.

‘लॅन्सेट’ या नियतकालिकात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या 32 देशांतील अभ्यासाने सुमारे 90 टक्के झटक्यांचा संबंध दहा टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोग्या कारणांशी जोडला. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, रक्तातील मेद, पोटाचा घेर, बैठे जीवन, आहार, मद्य, मानसिक ताण आणि हृदयविकार ही ती कारणे. त्यांत अग्रस्थानी आहे उच्च रक्तदाब. मुंबईत 2005-06 मध्ये झालेल्या पाहणीत पहिल्या झटक्याचे वार्षिक प्रमाण लाखामागे 145 आढळले आणि जवळपास 30 टक्के रुग्ण 28 दिवसांच्या आत दगावले.

श्रमिकांचे शहर

सोलापूरसारख्या कामगारांच्या शहरात हे घटक एकाच घरात एकत्र येतात. यंत्रमागावरील कामगार तासन् तास उभा असतो. जागरण आणि थकवा मारण्यासाठी तंबाखूची चिमूट हाताशी असते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू आणि मिश्रीची सवय सुटलेली नाही. घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया दिवसभर एका जागी बसून तंबाखूच्या धुळीत काम करतात. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबावर ठरते. त्यामुळे दवाखान्यात घालवलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. जो आजार दुखत नाही, त्यासाठी ही किंमत कोण मोजणार? उच्च रक्तदाब दुखत नाही, हेच त्याचे खरे भय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार भारतात 30 ते 79 वयोगटात उच्च रक्तदाबाचे सुमारे 18 कोटी 80 लाख रुग्ण आहेत. त्यांपैकी 37 टक्क्यांनाच निदान ठाऊक आहे आणि जेमतेम 15 टक्क्यांचा दाब नियंत्रणात आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ हा संघटनेचा सल्ला. चटणी, लोणचे आणि पापडाच्या ताटात ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

तरुण रुग्णांत आणखी एक कारण दिसते. बालपणीच्या सांधेहृदयज्वराने निकामी झालेली हृदयाची झडप आणि अनियमित ठोके यांमुळे हृदयात गुठळी तयार होते आणि तीच मेंदूत जाऊन अडकते. रक्त पातळ ठेवणारे औषध मध्येच बंद करणे अशा रुग्णाला परवडणारे नसते.

साडेचार तासांचे गणित

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी रक्तस्राव नसल्याची खात्री सीटी स्कॅनने करावी लागते. करमाळा किंवा अकलूजहून सोलापूर शंभर किलोमीटरहून दूर. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयावर शेजारच्या जिल्ह्यांतील आणि सीमेपलीकडील रुग्णांचाही भार असतो. गावठी उपायांत पहिले दोन तास गेले, तर पुढचे सारे उपचार खुंटतात. तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे हाच पहिला उपचार होय.

मात्र खरी लढाई रुग्णालयाबाहेरची आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने मार्ग दाखविला आहे : ठरलेली मोजकी औषधे, त्यांचा अखंड पुरवठा आणि गैरहजर रुग्णाचा पाठपुरावा. सोलापुरात हेच काम विडी कारखान्याच्या दारात, जिथे स्त्रिया माल द्यायला येतातच, आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळी बदलताना व्हायला हवे. कामगाराने रक्तदाब मोजायला यावे, ही अपेक्षा सोडून रक्तदाबाचे यंत्रच त्याच्यापर्यंत न्यावे लागेल. कमावता हात लुळा पडला की एका माणसासोबत त्याचे सारे घर अंथरुणाला खिळते. तो हात वाचविण्याचा खर्च त्यामानाने फारच थोडा आहे.